जुन्या खुर्चीचा जीर्णोद्धार

बसणे ही क्रिया आपण इतक्या सहजतेने करीत असतो की, तीस बळ लागते, तोल लागतो व योग्य आसनही लागते, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपल्या भाषेने मात्र तिचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले आहे. संसाराची घडी बसते, व्यापाराचा जम बसतो, माणसावर विश्वास बसतो; जे जे स्थिर व्हावे असे आपणांस वाटते, ते ते आपण बसवितो. रुग्ण उठून बसू लागला, एवढे ऐकले तरी घरातील माणसांच्या जिवात जीव येतो. अशा या साध्या क्रियेसाठी आमच्या घरी जी खटपट करावी लागली, तिची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीने ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

माझे वडील, ज्यांस आम्ही सर्व जण अण्णा म्हणतो, येथील मोंढ्यात मापाडी होते. कापसाच्या हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत गाड्यांच्या रांगा लागत, आणि अण्णा काट्याजवळ उभे राहून वजन पुकारीत. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, त्या वेळची गर्दी ते आम्हांस अनेकदा वर्णन करून सांगत. चाळीस वर्षे उभ्याने काम केलेल्या या माणसास २०२३ सालच्या जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला; परंतु उजवा हात व उजवा पाय दुबळा झाला आणि वाणी अडखळू लागली. घरी पाठविताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिली ही की, रुग्णास दिवसातून अनेक वेळा ताठ बसवावे. सतत पडून राहिल्याने पाठीस जखमा होतात व छातीत कफ साचतो. दुसरी ही की, अन्न बसवूनच द्यावे. पडल्या पडल्या घेतलेला घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

उपाय सोपा होता, परंतु अण्णा बसावयास तयार होईनात. जमिनीवर बसले तर उठविण्यास दोन माणसे लागत, आणि त्याची त्यांस लाज वाटे. घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, पण त्या हलक्या. एके दिवशी उठताना अण्णांनी हातांवर भार दिला, तोच खुर्ची मागे सरकली व ते घसरले. दुखापत झाली नाही, परंतु धास्ती बसली. त्या दिवसापासून "माझं ताट इथंच द्या," एवढे म्हणून ते कुशीवर वळत आणि भिंतीकडे तोंड करून दोन घास कसेबसे खात. ज्यांच्या आवाजावर मोंढ्यातील गाड्या हलत, ते आता कोणाशी बोलेनासे झाले. जेवताना त्यांस ठसका लागला म्हणजे स्वयंपाकघरात आम्हां सर्वांचे हात थांबत. शिसवी किंवा सागवानी, भक्कम हातांची नवी खुर्ची करवून घ्यावी म्हणून चौकशी केली. तिची किंमत औषधांच्या व मुलांच्या शाळेच्या खर्चापुढे मला झेपणारी नव्हती.

मार्च महिन्यात गावातील एका जुन्या सामानाच्या दुकानात मोडक्या कपाटांच्या मागे एक खुर्ची उलटी टाकलेली दिसली. तिच्यावर तपकिरी तैलरंगाचे जाड थर होते. बैठकीवरचे रेक्झिन फाटले होते व त्यातून पिवळ्या स्पंजाचा भुगा गळत होता. एक हात डुगडुगत होता. परंतु उचलून पाहता तिचे वजन हातास जाणवले. पायाच्या खालच्या टोकास, जेथे रंग झिजला होता, तेथे नखाने खरवडताच सागाचा सोनेरी तपकिरी रंग व तो ओळखीचा तेलकट वास आला. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तैल असते व वाळवीस न मानवणारी द्रव्येही असतात. म्हणूनच सागवानी वस्तू तीन पिढ्या टिकते. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवटची जंगले सागासाठी प्रसिद्ध आहेत, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले असते. ते लाकूड हाताखाली आले म्हणजे भूगोल निराळाच वाटतो. सहाशे रुपयांस सौदा ठरला व खुर्ची सायकलरिक्षातून घरी आली.

ती पाहून मुलांचा उत्साह मावळला. धाकटा सहावीत, थोरली नववीत. "बाबा, ही भंगारातली खुर्ची आजोबांसाठी?" असे थोरलीने विचारले, तेव्हा तिच्या स्वरात आजोबांचा मान राखण्याचीच काळजी होती. मी खुर्ची अंगणात उलटी ठेवली व दोघांस म्हटले, "आधी हिची तपासणी करू, मग काय ते ठरवू."

वस्तू वापरणारा तिची वरची बाजू पाहतो. दुरुस्त करणाऱ्याने खालची पाहावी. बैठकीखाली मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात काही अंक लिहिलेले आढळले. ते आम्हांस वाचता येईनात, म्हणून आमच्या गल्लीतील वृद्ध पिंजारी चाचांस बोलाविले. त्यांनी चष्मा सावरून ते उर्दू अंक वाचले: तीनशे सत्तावीस. १९४८ सालच्या १७ सप्टेंबरपर्यंत परभणी हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता आणि दप्तराची भाषा उर्दू होती. ही कोण्या कचेरीतील खुर्ची असावी आणि तिचे वय पंचाहत्तर वर्षांहून कमी नसावे, असा तर्क चाचांनी केला. मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचलेला मराठवाडा मुक्तिसंग्राम एकाएकी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला.

मग वरचे थर एकामागून एक काढले. रेक्झिनखाली स्पंज, स्पंजाखाली खिळ्यांनी ठोकलेली प्लायवुडची फळी, आणि ती पटाशीने अलगद उचलताच खालच्या चौकटीवर चारही बाजूंनी बारीक छिद्रांची ओळ दिसली. ती छिद्रे पाहताच खुर्चीचे मूळ रूप कळले. तिची बैठक वेताची होती. पुढे वेत तुटला, विणणारा मिळाला नाही, म्हणून कोणी फळी ठोकून काम भागविले. पाठीची गादी मात्र जुन्याच पद्धतीची होती: कापडाखाली कापूस, त्याखाली काथ्या, मग तरट व सर्वांच्या खाली नवारीच्या पट्ट्या, पण नवार कुजली होती व काथ्याची माती झाली होती.

टाकून दिलेल्या खुर्चीची किंमत कशी बदलते, याचे एक उदाहरण साऱ्या जगास ठाऊक आहे. १९५० नंतर चंदिगड हे नवे शहर वसविले गेले, तेव्हा ल कॉर्ब्युझिए यांचे सहकारी पिएर जानरे यांनी तेथील कचेऱ्यांसाठी साग व वेत यांच्या साध्या खुर्च्या योजिल्या. काही दशकांनी त्या जुन्या झाल्या व भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांस लाखो रुपये मिळू लागले. अखेर २०११ साली केंद्र सरकारला या वारशाच्या रक्षणासाठी आदेश काढावा लागला. आमची खुर्ची अशी कीर्तिमान नव्हे. परंतु ज्यास डोळे आहेत त्यास भंगारातही लाकूड दिसते, एवढा बोध तीतून घेण्यास हरकत नाही.

पहिले काम रंग काढण्याचे. येथे पालकांस एक सूचना करणे अगत्याचे वाटते. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून कोरडा रंग काचकागदाने घासू नये. मी मुलांस दूर ठेवून, तोंडास फडके बांधून, रंग पाण्याने ओला करीत खरवडला, आणि निघालेला कचरा कागदात गुंडाळून टाकला.

दुसरे काम सांध्यांचे. जुने सुतार एका लाकडात चौकोनी भोक पाडून दुसऱ्याचे टोक त्यात घट्ट बसवीत आणि जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने ते जोडीत. या सरसाचा एक मोठा गुण आहे: ऊन पाण्याने तो पुन्हा मऊ होतो. त्यामुळे सांधा न मोडता सुटतो व पुन्हा जोडता येतो. आजच्या अनेक चिकट द्रव्यांची पकड अधिक घट्ट असते, पण सांधा सोडविण्याची वेळ आली की लाकूडच फाटते. मला वाटते, दुरुस्त होण्याची सोय ठेवून वस्तू घडविणे, हे त्या जुन्या कारागिरांचे मोठेच शहाणपण होते. डुगडुगणाऱ्या हातात नंतर कोणी तीन लोखंडी खिळे मारले होते. ते पकडीने काढले, ऊन पाण्याची फडकी गुंडाळून सांधा सैल केला, जुना सरस पूर्णपणे पुसून काढला, व नवा लावून जोड बसविला. आवळून धरण्यास सुताराचा शिकंजा घरी नव्हता. त्याऐवजी खुर्चीभोवती दोरीचे दोन वेढे दिले, त्यांत काठी घातली व पीळ दिला. पीळ वाढला तसा सांधा मिटला. ती काठी बांधून एक रात्र व एक दिवस तसेच ठेवले. धाकट्याने ही युक्ती आपल्या विज्ञानाच्या वहीत आकृती काढून लिहून ठेविली.

आता वेत. पुष्कळांस वेत हा बांबूचा भाऊबंद वाटतो. वस्तुतः तो ताडाच्या कुळातील काटेरी वेल आहे. बांबू आतून पोकळ, वेत भरीव. झाडांचा आधार घेत तो वर चढतो आणि त्याच्या काही जाती शंभर मीटरांहूनही लांब वाढतात. आपल्या देशात तो सह्याद्रीत, ईशान्येकडील राज्यांत व अंदमानात होतो. पूर्वी शाळेत ज्या छडीचे भय असे, ती याच वेलीची. त्याच वेलीची चकचकीत साल पट्ट्या करून काढली म्हणजे तिचे आसन होते. सतराव्या शतकात पूर्वेकडील व्यापाराच्या जहाजांतून वेत युरोपात गेला आणि १६६० नंतर इंग्लंडात वेताच्या बैठकीच्या खुर्च्यांची चाल पडली. पुढे व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांनी वाकविलेल्या लाकडाची जी प्रसिद्ध खुर्ची १८५९ साली काढली, तिची बैठकही वेताचीच होती. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढ्यावर ती उभी राही, आणि सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत त्याच धाटणीच्या खुर्च्या अद्याप पाहावयास मिळतात.

वेताची गुंडाळी हैदराबादहून मागविली. ती आली त्या दिवशी मी खुर्चीची चौकट अण्णांच्या खाटेजवळ नेऊन ठेविली. छिद्रे किती आहेत हे मोजल्यावाचून विणकाम आरंभिता येत नाही, कारण दोन्ही बाजूंचा मध्य धरूनच पहिली पट्टी ओवावी लागते. मुले मोजू लागली, पण कोणी बत्तीस म्हणे, कोणी चौतीस. तेव्हा अण्णांनी डावा हात पुढे केला. बोटाने एकेक छिद्र चाचपीत ते मोजू लागले, आणि पहिल्या छिद्रास ते "एक" म्हणाले नाहीत, "लाभ" म्हणाले. मापे मोजताना पहिल्या मापास लाभ म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. लाभ, दोन, तीन, असे अडखळत, थांबत, पण न चुकता त्यांनी चारही बाजू मोजल्या. पुढे पस्तीस, मागे एकतीस, दोन्ही बाजूंस बत्तीस-बत्तीस. एकूण एकशे तीस. दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून आम्ही ऐकलेले ते सर्वांत लांब बोलणे होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर विणकाम चाले. पट्टी वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवावी, म्हणजे ती लवचीक होते. चकचकीत बाजू वर ठेवावी. छिद्रात ओवून लहानशा लाकडी खुंटीने घट्ट धरावी. या विणीच्या सात पायऱ्या आहेत. पहिली, मागून पुढे उभ्या पट्ट्या. दुसरी, त्यांच्यावरून आडव्या. तिसरी, पुन्हा उभ्या, त्याच छिद्रांतून, पण पहिल्या उभ्या पट्ट्यांच्या किंचित बाजूस. चौथ्या पायरीस खरी वीण सुरू होते: आडवी पट्टी एका उभ्या पट्टीच्या वरून व दुसरीच्या खालून न्यावी लागते. पाचवी व सहावी पायरी तिरप्या पट्ट्यांची. एक तिरपी पट्टी उभ्या जोडीच्या वरून व आडव्या जोडीच्या खालून जाते. दुसरी याच्या नेमकी उलट. हा नियम पाळला म्हणजे पट्ट्या एकमेकींच्या कुशीत सुखाने सरकतात. न पाळला तर घासून लवकर तुटतात. सातव्या पायरीत काठावर रुंद पट्टी बसवून छिद्रे झाकतात. मग सर्वत्र अष्टकोनी जाळी उमटते, व वेत वाळला की ती आपोआप आवळून ताठ होते.

थोरलीची बोटे या कामी उत्तम चालली. धाकटा पाण्याची परात सांभाळी. खुंट्या धरण्याचे काम अण्णांचे. ते खाटेवर तक्क्यास टेकून बसत, आणि खुंटी धरण्यासाठी पुढे वाकता वाकता कधी तक्का सुटे, याचे भान त्यांस राहत नसे. आम्हीही ते बोलून दाखविले नाही. आपल्या देशातील अंधशाळांत वेतकाम शिकविण्याचा परिपाठ पुष्कळ वर्षे चालत आला आहे; डोळ्यांचे काम बोटांनी करता येते, हे त्यामागील तत्त्व. एका हाताच्या माणसासही त्यात जागा आहे, हे आम्ही घरीच पाहिले. एकशे तीस छिद्रांची ती बैठक पूर्ण होण्यास तेवीस संध्याकाळी लागल्या.

पाठीची गादी राहिली होती. चौकटीवर नवारीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या ताणून चटईसारख्या गुंफल्या, त्यावर तरट ठोकले, तरटावर काथ्याचा थर पसरून दोऱ्याच्या मोठ्या टाक्यांनी तो जागच्या जागी धरला, म्हणजे पुढे तो गोळा होऊन खाली उतरत नाही. सर्वांवर कापूस पाहिजे होता. एका दुकानातून आणलेला गठ्ठा मी अण्णांपुढे ठेविला. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यात व बोटात चिमूटभर कापूस धरला, ओढून पाहिला, तंतू तुटला, आणि मान हलवून म्हणाले, "हा कापूस नव्हे, कचरा हाय." कापडाच्या चिंध्या पिंजून केलेला तो माल होता. ही काळ्या जमिनीची परभणी. येथे कापसाच्या बाबतीत मापाड्यास फसविणे सोपे नव्हे. दुसऱ्या दिवशी पिंजारी चाचा स्वतः चांगला कापूस घेऊन आले. त्यांची पिंजण पुष्कळ वर्षे खुंटीला टांगलेली आहे. आता हे काम यंत्र करते. परंतु त्या दिवशी हौसेने त्यांनी ती काढली व आमच्या ओसरीवर तिची तार पुन्हा वाजली. अण्णांनी पिंजलेल्या कापसावर हात फिरविला आणि मान डोलावली. चाचा हसून म्हणाले, "मापाडीसाहेब, तुमच्यासमोर खोटा माल कोण टिकवणार!" अण्णाही हसले. अर्धे ओठ हलले नाहीत, तरी ते हसूच होते.

बैठकीसाठी वेतावर एक सुटी, पातळ गादी शिवली. हिच्या जाडीचाही हिशेब आहे. खुर्चीची उंची अशी असावी की, बसल्यावर पावले जमिनीवर सपाट टेकावीत व गुडघे काटकोनात राहावेत. अण्णांच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंत सतरा इंच भरले. खुर्ची सोळा इंच होती. दोन इंचांची गादी बसल्यावर दबून एक इंच उरते, म्हणजे माप जुळले. वृद्धास फार मऊ आसन देऊ नये. माणूस त्यात रुतला की त्यास उठता येत नाही. वेताचा दुसरा लाभ असा की, त्यातून वारा खेळतो. आमच्या गावी मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. अशा वेळी रेक्झिनवर बसणे ही शिक्षाच होय. मात्र याच कोरड्या हवेने वेत तडकतो, म्हणून उन्हाळ्यात बैठकीच्या खालच्या बाजूने अधूनमधून ओले फडके फिरवावे.

लाकडास प्रथम जवसाचे तेल दिले व ते पूर्ण मुरून वाळल्यावर स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्याने हलक्या हाताने चढविली. लाख ही पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या लहानशा किड्याची देणगी आहे. येथे आणखी एक सावधगिरी सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून ढिगात ठेवू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते व ढीग आपोआप पेटू शकतो. त्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात. स्पिरिटही चुलीपासून दूर ठेवावे.

मे महिन्याच्या मध्यास खुर्ची सिद्ध झाली. पहिल्या दिवशी अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ नुसते पाहिले. मी आग्रह केला नाही. आधी मी बसून दाखविले, मग चाचा बसले, मग दोन्ही मुले एकदम बसली. खुर्चीने हूं की चूं केले नाही. तेव्हा अण्णांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात धरला, जोराने हलवून पाहिला, आणि ती हलत नाही अशी खात्री होताच म्हणाले, "धर मला." ते बसले. पावले जमिनीस टेकली. त्या रात्री त्यांचे ताट आमच्या ताटांबरोबर मांडले गेले. पहिल्या दिवशी ते बारा मिनिटे बसले. महिनाभरात पूर्ण जेवण होईपर्यंत बसू लागले. ठसका पुष्कळ कमी झाला. उजवा हात अद्याप दुबळाच आहे, आणि खुर्चीने आजार बरा होतो असे कोणी समजू नये. परंतु ते आता भिंतीकडे तोंड करून जेवत नाहीत, एवढे खरे.

जमाखर्च सांगावयाचा तर खुर्ची सहाशे, वेत सातशे, नवार-तरट-काथ्या एकशे ऐंशी, कापूस व पिंजणावळ अडीचशे, कापड दोनशे वीस, आणि सरस, लाख, तेल, काचकागद मिळून तीनशे. एकूण २,२५० रुपये. श्रम हिशेबात धरलेले नाहीत. ते धरावयाचे झाल्यास मुलांस मिळालेले शिक्षणही जमेस धरावे लागेल, आणि मग कोण कोणाचे देणे लागतो हे ठरविणे कठीण होईल.

विद्यार्थिमित्रहो, हाताने काम करणे कमीपणाचे आहे, अशी समजूत आपल्यात अजूनही कोठे कोठे आढळते. आपल्या भूमीची परंपरा तशी नाही. जनाबाईंचे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात आहे; तिच्या भक्तीची आठवण दळणकांडणाच्या कामाशी जोडलेली आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ज्या नरसीस आपण मान देतो, ते १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणीतच होते. आणि नामदेव शिंप्याच्या कुळातले. सुई, जाते, काटा, पिंजण यांनी या भूमीतील माणसे घडविली आहेत. पुस्तकी विद्या अवश्य संपादन करावी, परंतु एखादी वस्तू कशी जोडलेली आहे हे हातांनी समजून घेण्याचा आनंद निराळा, आणि तो परीक्षेच्या गुणांवर अवलंबून नाही.

तुमच्या घरीही माळ्यावर किंवा परसात एखादी मोडकी वस्तू पडलेली असेल. ती दुरुस्त होईलच असे नाही. काही वस्तू खरोखरच संपलेल्या असतात. परंतु टाकून देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या माणसांस जवळ बोलावावे, आणि ती वस्तू एकदा उलटी करून पाहावी.